क्यूटीच्या एक्झांपलमधला कोड आमच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये आहे, सोर्स उघडा करावा लागतोय काय?

उद्यमबाग_काटा

मंडळी, एक अडचण आलीया, कोणाला नीट माहीत असेल तर सांगा की ओ. मी उद्यमबागेत एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो. साखर कारखान्याच्या गेटवर उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की इंडिकेटरकडनं वजन सिरीयल पोर्टवर येतंय, ते धरायचं, रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं आणि पावती छापायची. पावती कन्नड आणि मराठी दोन्हीत, कारण चिकोडी-निपाणी-हुक्केरी भागात कोण हे वाचतंय कोण ते, आणि पावती वाचता आली नाही की काट्यावरच्या पोराशी भांडण ठरलेलं. सी प्लस प्लसमध्ये आहे, क्यूटी ६ (विंडो-बटणं करायची तयार लायब्ररी), विंडोज. सोर्स आम्ही कोणालाच देत नाही, एक्झी आणि डोंगल, बस्स.

आता एक मोठं गिऱ्हाईक आलंय, ते आमचं सॉफ्टवेअर आपल्या मशीनसोबत परदेशात पाठवणार. त्यांनी एक एक्सेल शीट पाठवलीया, बाहेरनं घेतलेला एकेक कोड कुठला आणि त्याचं लायसन्स काय ते भरायचं, आणि खाली एक वाक्य, "या उत्पादनात कोणताही कॉपीलेफ्ट कोड नाही" (कॉपीलेफ्ट म्हणजे पुढं वाटताना त्याच अटी, सोर्ससकट, लावायला लावणारं लायसन्स), त्याच्याखाली आमच्या सरांची सही. सरांनी शीट माझ्याकडं ढकलली. खरं कोड मी लिहिलेला नाही, माझ्या आधी जो होता तो बेंगळुरूला गेला. फोन उचलतो बिचारा, खरं उत्तर एकच, "एक्झांपलच होतं ते, उचललं आणि घातलं, त्यात काय एवढं".

आता मी एकेक फाइल उघडून बघूलालो तर असं दिसतंय. सिरीयल पोर्टची जी विंडो आहे ती क्यूटीच्या डॉक्युमेंटेशनमधल्या टर्मिनल एक्झांपलसारखीच आहे, क्लासची नावंसुद्धा बदलली नाहीत, फक्त फाइलच्या डोक्यावरची कॉमेंट उडवून तिथं आमच्या कंपनीचं नाव घातलंय. दिवसभराच्या वजनाचा ग्राफ आहे तो क्यूटी चार्ट्सच्या एक्झांपलमधनं. इंडिकेटर मॉडबसवर (मशीनींनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) बोलतंय, त्याचा सीआरसी (डेटा नीट आला का ते तपासायचा आकडा) काढायचं चाळीसेक ओळींचं फंक्शन स्टॅक ओव्हरफ्लोवरनं, लिंक तेवढी कॉमेंटमध्ये ठेवलीया. थर्मल प्रिंटरमध्ये कन्नड अक्षरं नसतात म्हणून ओळीचं चित्र करून पाठवायला लागतंय, तो कोड कोणाच्या तरी गिटहब रेपोमधला, तिथं लायसन्सची फाइलच नाही. आणि लहान काट्यासाठी एक बोर्ड आहे लोड सेल वाचणारा, ते आर्डुइनोचं एक्झांपल.

सर म्हणूलालेत एक्झांपल लोकांनी कॉपी करावं म्हणूनच ठेवलेलं असतंय, म्हणजे फुकट, लिहून टाक "काही नाही" म्हणून. टेस्टिंगचा दोस्त म्हणतोय क्यूटी एलजीपीएल (कॉपीलेफ्टमधलं सौम्य लायसन्स) आहे म्हणजे त्याचं एक्झांपल पण एलजीपीएल, ते आमच्या कोडमध्ये मिसळलं म्हणजे सगळाच सोर्स द्यायला लागणार. दोघं पण छातीठोक सांगूलालेत. कोणाचं बरोबर?

---

टिळकवाडी_जुना

दोघांचं पण चूक.

आधी तुझ्या सरांचं. एक्झांपल म्हणजे बेवारस माल नव्हे. आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कंप्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत धरलेला आहे, लिहिला की हक्क आपोआप लागतो, नोंदणी बिंदणी काही लागत नाही आणि डोक्यावर सीच्या गोलाची खूण नसली तरी चालतंय. कोणी शिकवायला म्हणून लिहिलं का विकायला म्हणून लिहिलं यानं फरक पडत नाही. तेव्हा "कॉपी करायलाच ठेवलंय" हे खरं असलं तरी कुठल्या अटीवर ठेवलंय ते वाचायला लागणारच.

आता दोस्ताचं. लायब्ररीचं लायसन्स आणि तिच्या एक्झांपलचं लायसन्स एकच असतंय असं कुणी सांगितलं? क्यूटीच्या बाबतीत तर सरळ सरळ वेगळं आहे. लायब्ररीचे बहुतेक मॉड्यूल एलजीपीएल ३ किंवा पैसे देऊन कमर्शियल, खरं एक्झांपलच्या फाइली कमर्शियल किंवा तीन कलमी बीएसडी. मूळ टर्मिनल एक्झांपल क्यूटीच्या साइटवरनं परत उतरवून घे आणि फाइलची पहिली दोन-तीन ओळ बघ, तिथं कॉपीराइटची ओळ आणि त्याच्या खाली एसपीडीएक्स म्हणून लायसन्सचं नाव सांगणारी एक ओळ असेल, त्यात "ऑर बीएसडी-३-क्लॉज" असं स्पष्ट आहे. हे त्यांनी मुद्दामच केलंय, एक्झांपल जर एलजीपीएल ठेवलं तर शिकणारा माणूस त्यातनं चार ओळी आपल्या फाइलमध्ये घेईल आणि मग ती फाइलच अडकेल, मग विकत घेणारं गिऱ्हाईक एक्झांपलला हातच लावणार नाही.

बीएसडीवर घेतलेला कोड बदला, बंद सॉफ्टवेअरमध्ये घाला, विका, सोर्स दाखवायची गरज नाही. फक्त सोर्समध्ये त्यांची कॉपीराइटची ओळ, अटी आणि खालचा तो हमी नाही म्हणणारा परिच्छेद तसाच ठेवायचा, एक्झी देत असशील तर तेच सगळं सोबतच्या कागदपत्रात छापायचं, आणि त्यांचं नाव वापरून आपल्या मालाची जाहिरात करायची नाही. झालं.

म्हणजे बेंगळुरूवाल्यानं कोड उचलला त्यात काही गैर नाही. वरची कॉमेंट पुसून तुमच्या कंपनीचं नाव घातलं तिथं लायसन्स मोडलं. ती ओळ परत घाला, तुमचं नाव त्याच्या खाली येऊ दे, तुम्ही बदल केलाय तेवढ्यापुरतं ते खरंच आहे.

आणि हो, लायब्ररीची एलजीपीएलची जबाबदारी वेगळी आहेच, ती एक्झांपलमुळं येत नाही, क्यूटी वापरल्यामुळं येते. डीएलएल, म्हणजे लायब्ररीच्या फाइली, एक्झीपासनं वेगळ्या ठेवल्या आहेत ना? स्टॅटिक लिंक केलंय का, म्हणजे लायब्ररी एक्झीतच मिसळलीय का, ते बघ आधी.

---

निपाणी_पंक्या

टिळकवाडी काकांनी टर्मिनलचं बरोबर सांगितलं, खरं ग्राफचं राहिलं आणि खरा खड्डा तिथंच आहे.

भावा, क्यूटी चार्ट्स हे मॉड्यूल एलजीपीएलमध्ये येतच नाही. जीपीएल ३ (कडक कॉपीलेफ्ट, अख्ख्या प्रोग्रामचा सोर्स मागणारं) किंवा कमर्शियल, दोनच. म्हणजे बघ गंमत, चार्ट्सचं एक्झांपल बीएसडी आहे, ते तू कुठंही चिकटव, खरं त्या एक्झांपलच्या पहिल्याच ओळीत जे हेडर बोलावलंय ते जीपीएलचं. कोड चालायला चार्ट्सची डीएलएल लागणारच, ती लिंक केली आणि एक्झी गिऱ्हाइकाला दिली की जीपीएलची अट तुमच्या अख्ख्या प्रोग्रामला लागते. एक्झांपल निर्दोष, ते ज्याला बोलावतंय ते नाही. खूप जण इथंच फसतात, "हेडरवर बीएसडी लिहिलंय" म्हणून निवांत बसतात.

इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये जाऊन बघ, विनडिप्लॉयक्यूटी (लागणाऱ्या डीएलएल गोळा करणारं क्यूटीचं टूल) चालवला असशील तर सगळ्या डीएलएल एका ओळीत पडलेल्या असतील, त्यात चार्ट्स नावाची दिसली की समजायचं. डेटा व्हिज्युअलायझेशन आणि व्हर्च्युअल कीबोर्ड यांचं पण तसंच आहे, टचस्क्रीनवर कन्नड टाइप करायला कीबोर्ड घातला असशील तर तो पण तपास.

उपाय सोपा आहे. क्यूडब्ल्यूटी म्हणून लायब्ररी आहे, एलजीपीएल आणि वर थोडी जास्तीची सूट दिलेली, ग्राफला छान आहे. क्यू कस्टम प्लॉटकडं वळू नको, दिसायला भारी खरं ते पण जीपीएल किंवा विकत. आणि खरं सांगू काय, तासाला किती टन आलं एवढंच दाखवायचं असेल तर क्यूपेंटरनं (क्यूटीचंच चित्र काढायचं साधन) चौकोन काढ, एका दुपारचं काम. कारखान्यात त्या ग्राफकडं बघतंय कोण, सगळ्यांची नजर पावतीवर.

पायथनमध्ये काही टूल लिहिलं असेल तर ते पण बघ. पायक्यूटी जीपीएल किंवा विकत, पायसाइड एलजीपीएल. दिसायला दोन्ही सारखेच, इंपोर्टची ओळ बदलली की बहुतेक कोड तसाच चालतोय.

---

वडगाव_विणकर

एवढं डोकं कशाला लावूलालाय राव. एक्झी आहे, सोर्स कोणाला दिसत नाही, बेळगावात येऊन कोण तपासणार? शीटवर "काही नाही" लिहायचं आणि मोकळं व्हायचं. अर्धा उद्यमबाग असाच चाललाय.

---

खानापूरची_अक्का

विणकर भाऊ, तपासणारा बेळगावात येत नाही, तो शीट पाठवणाऱ्याकडं बसलेला असतो. मी पुण्यात ह्याच कामात आहे, आमच्याकडं आलेलं प्रत्येक पॅकेज स्कॅनरमधनं जातं. एक्झीमधल्या स्ट्रिंग काढायला, डीएलएलची नावं वाचायला काही विशेष अक्कल लागत नाही. पंक्यानं सांगितलेली चार्ट्सची डीएलएल तर फाइल एक्सप्लोररमध्येच दिसते. आणि सही केलेला खोटा कागद हा लायसन्सच्या भानगडीपेक्षा जास्त महागात पडतो, कारण तो सरळ करार मोडल्याचा पुरावा.

"नुसतं नाव पुसलं तर काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकेत २००८ ला जेकबसन विरुद्ध कॅट्झर म्हणून खटला झाला. खेळण्यातल्या रेल्वेच्या सॉफ्टवेअरचा होता, फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर. दुसऱ्या कंपनीनं त्यातल्या फाइली घेतल्या आणि लेखकाची नावं, कॉपीराइटच्या ओळी उडवल्या. अपील कोर्टानं सांगितलं की ओपन सोर्स लायसन्समधल्या अटी पाळल्या नाहीत तर तो नुसता करारभंग नव्हे, कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं. तिथला निकाल आपल्याकडं बंधनकारक नाही, पण परदेशी गिऱ्हाइकाचे वकील हेच डोक्यात ठेवून शीट बनवतात. आपल्या कायद्यातही ६३ बी कलम आहेच, बेकायदा प्रत आहे हे माहीत असून प्रोग्राम कंप्युटरवर वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. आता माहीत नव्हतं म्हणायची सोय या धाग्यानंतर राहिली नाही, काटावाले भाऊ 🙂

आता राहिलेले दोन.

स्टॅक ओव्हरफ्लो. तिथलं सगळं सीसी बाय-एसएवर (क्रिएटिव्ह कॉमन्सचं एक लायसन्स) असतं, उत्तर कधीचं त्यावर आवृत्ती ठरते. ८ एप्रिल २०११ च्या आधीचं २.५, तिथनं २ मे २०१८ च्या आधीपर्यंतचं ३.०, त्यानंतरचं ४.०. लेखकाचं नाव द्यायचं, आणि त्यावरनं बनवलेलं तुम्ही वाटलं तर त्याच लायसन्सवर वाटायचं. हे लायसन्स लेख-फोटोंसाठी केलेलं आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगते की सॉफ्टवेअरला आमची लायसन्स वापरू नका, त्यामुळं बंद एक्झीमध्ये ते नेमकं कुठपर्यंत पसरतं यावर वकील लोक वाद घालत बसतात. एका सीआरसीसाठी त्या वादात पडायची काहीच गरज नाही. अल्गोरिदमवर कॉपीराइट नसतो, लिहिण्याच्या पद्धतीवर असतो, आपल्या सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद खटल्यात १९७८ लाच सांगितलंय की कल्पनेवर हक्क नाही, मांडणीवर आहे. तेव्हा ते फंक्शन फेकून दे आणि मॉडबसच्या स्पेसिफिकेशनवरनं स्वतः लिही. सुरुवात हेक्स एफएफएफएफ, प्रत्येक बाइट एक्सॉर करायचा, मग आठ वेळा, खालचा बिट एक असेल तर उजवीकडं सरकवून ए००१ शी एक्सॉर, नसेल तर नुसतं सरकवायचं. १ ते ९ अंकांची स्ट्रिंग घालून बघ, ४बी३७ आलं की बरोबर. दहा ओळींत बसतं, ते चाळीस ओळींचं काय होतं कोण जाणे.

आता कोणीतरी म्हणेल की छोट्या तुकड्याला कॉपीराइट लागतच नाही. ग्नूच्या (जीपीएल ज्यांनी केलं त्या प्रकल्पाच्या) देखभाल करणाऱ्यांच्या सूचनांत पंधराएक ओळींच्या आतला बदल कायद्याच्या दृष्टीनं फारसा मोजू नये असं आहे, तिथनं ही "पंधरा ओळी चालतात" अफवा पसरली. पण ती त्यांच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कागद कधी घ्यायचा त्यासाठीची सोय आहे, कायदा नव्हे. उलट ओरॅकल विरुद्ध गूगलमध्ये रेंजचेक नावाचं नऊ ओळींचं फंक्शन होतं, कुठलाही पोरगा लिहील असं, आणि २०१२ ला ज्युरीनं त्यातही उल्लंघन धरलं, भरपाई मात्र शून्यावर मिटली. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडकमध्ये थोडी तरी सर्जनशीलता पाहिजे अशी रेघ ओढलीय, ती ओळी मोजून ओढलेली नाही.

गिटहबचा बिनलायसन्सचा रेपो, इथं सगळ्यात जास्त गैरसमज. लायसन्स नाही म्हणजे मोकळं नव्हे, लायसन्स नाही म्हणजे काहीच परवानगी नाही. गिटहबच्या अटींप्रमाणं सार्वजनिक रेपो तिथंच बघायला आणि फोर्क करायला (तिथंच आपली प्रत काढायला) मिळतो, तेवढंच. तुमच्या यादीत सगळ्यात धोक्याचा हाच आहे, जीपीएलपेक्षा वाईट, कारण जीपीएलमध्ये निदान पाळायला अट तरी आहे. त्या माणसाला इश्यू टाकून सरळ विचार, "लायसन्स घालाल का" म्हणून. पुष्कळ जण विसरलेलेच असतात, एमआयटीची (बीएसडीसारखंच मोकळं लायसन्स) फाइल टाकून देतात. उत्तर नाही आलं तर काढायचं.

आणि शीटवरचं ते वाक्य जसं आहे तसं सही करू नका. चार्ट्स काढलं तरी क्यूटी एलजीपीएलवर वापरताय, आणि एलजीपीएल हे सौम्य असलं तरी कॉपीलेफ्टच आहे. गिऱ्हाइकाला मेल करून वाक्य बदलून घ्या, "एलजीपीएल ३ खालील क्यूटी लायब्ररी वेगळ्या डीएलएल म्हणून, इतर कॉपीलेफ्ट नाही" असं. नव्वद टक्के वेळा ते लगेच मान्य करतात, त्यांच्याकडंही क्यूटी असतंच.

---

उद्यमबाग_काटा

अक्का, काका, पंक्या, लई उपकार. डीएलएल बघितली, चार्ट्सची आहे, व्हर्च्युअल कीबोर्डची नाही. स्टॅटिक नाही, सगळं डायनॅमिक आहे. सरांना डीएलएलचं नाव स्क्रीनवर दाखवलं तेव्हा कुठं गप्प झाले, नाहीतर "कायदा बियदा आपल्याला नको" चाललेलं.

खरं एक नवीन भीती. हीच चार्ट्सवाली एक्झी आधीच काही कारखान्यांत बसलीया, गेल्या गळीत हंगामात. त्याचं काय? आता त्यांना सोर्स द्यायला लागणार का? आणि आर्डुइनोवाल्याचं कोणीच बोलला नाही.

---

टिळकवाडी_जुना

घाबरू नको. जीपीएल ३ चं आठवं कलम वाच. मोडलं तर लायसन्स संपतं, खरं तू मोडणं थांबवलंस तर ते तात्पुरतं परत लागू होतं, आणि थांबवल्यापासनं साठ दिवसांत हक्कदारानं काही कळवलं नाही तर कायमचं. पहिल्यांदाच नोटीस आली आणि तीस दिवसांत दुरुस्त केलंस तरी तसंच. जुन्या जीपीएल २ मध्ये ही सोय नव्हती, तिथं मोडलं की संपलं. तेव्हा चार्ट्सशिवायचा बिल्ड करा आणि पुढच्या हंगामाच्या आधी सर्व्हिसला जाताना जुन्या जागी बसवा. झालेल्या वाटपाचं पुसलं जात नाही, कागदोपत्री काय करायचं ते एकदा वकिलाला विचारा, कॉपीराइट कळणारा बघा, जमिनीची कामं करणारा नको. एक मात्र आहे, तू जे आपल्या कंपनीच्या आत स्वतःपुरतं वापरतोस त्याला जीपीएल काही म्हणत नाही, बाहेर दिलं की म्हणतं, आणि तुम्ही तर विकताय.

तुमच्या लायसन्स करारात "रिव्हर्स इंजिनिअरिंग करायचं नाही" असं सरसकट छापलंय काय? बहुतेक असतंच, कुठनं तरी उचललेलं. एलजीपीएलची लायब्ररी वापरताना तिच्यात केलेला बदल डीबग करण्यापुरतं तरी ते मोकळं ठेवावं लागतं. तेवढी ओळ बदलून घ्या.

---

चिकोडी_फर्मवेअर

आर्डुइनोचं मी सांगतो, दिवसभर तेच करतो.

आयडीईसोबत येणारी बरीच एक्झांपल बघ, वरच्या कॉमेंटच्या शेवटी "हा एक्झांपल कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे" अशी ओळ असते. तिथं काहीच अट नाही, नाव पण द्यायला नको. एस्प्रेसिफच्या ईएसपी-आयडीएफमध्ये पण तसंच, फ्रेमवर्क अपाचे २.० आणि पुष्कळ एक्झांपलवर "पब्लिक डोमेन किंवा सीसी झिरो, तुम्हाला हवं ते". खरं लोड सेलची जी लायब्ररी असते ती आयडीईची नसते, कोणीतरी केलेली असते, आणि त्या चिपसाठी लायब्ररी ढीगभर आहेत, प्रत्येकीचं लायसन्स निराळं. तिचं एक्झांपल असेल तर तिच्या फोल्डरमधली लायसन्स फाइल बघायला लागणार. आणि आर्डुइनोचा कोअर (बोर्ड चालवणारा मूळ कोड) स्वतः एलजीपीएल आहे, बोर्डात तर सगळं एका बायनरीत स्टॅटिकच लिंक होतं, डीएलएल वगैरे भानगड नाही. गिऱ्हाइकानं मागितलं तर तुमच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, जोडायच्या आधीचे तुकडे) द्यायला लागतील म्हणजे त्याला नवीन कोअर घालून परत लिंक करता येईल. सोर्स नव्हे, ऑब्जेक्ट फाइली. हे शीटवर आलंच पाहिजे.

एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीच्या चिपकडं जायचा विचार असेल तर अजून एक. त्यांचा एचएएल (चिपशी थेट बोलणारा कोड) बीएसडी आहे, मस्त. खरं त्यांच्या काही मिडलवेअर आणि डेमोवर एसएलए००४४ नावाचं लायसन्स असतंय. सोर्स उघडा दिसतो, वाटायला पैसे नाहीत, आणि आत अट की फक्त एसटीच्याच चिपवर चालवायचा. ते ओपन सोर्सच नव्हे. स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्या कंपनीची जुळणारी चिप बसवली की लायसन्स मोडलं. आमच्याकडं परचेसवाल्याला हे समजावताना माझा घसा बसला.

फ्रीआरटीओएसचं (छोट्या चिपसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम) विचारणारे असतात म्हणून सांगतो, २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासनं एमआयटी आहे, त्याआधी जीपीएल आणि वर एक सूट असं होतं. नेटवर जुने ट्युटोरियल पडलेत त्यात जुनी फाइल येते.

---

वडगाव_विणकर

बरं बाबा पटलं. मग एआयकडनं लिहून घेतलं तर? कोपायलटनं (गिटहबचं कोड सुचवणारं एआय) दिलेला कोड कोणाचा?

---

खानापूरची_अक्का

ते कोर्टात आहे अजून, अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावर दावा पडलाय. आमच्याकडं एवढंच करतात की सेटिंगमध्ये सार्वजनिक कोडशी जुळणारं सुचवणं बंद करून ठेवायचं, आणि लांबलचक फंक्शन आलं तर त्यातली एखादी विचित्र ओळ शोधून बघायची. दुसरं काही कोणाकडं नाही.

काटावाले भाऊ, एक्झांपल कुठनं उचलावं याबद्दल पण थोडं, कारण तुम्ही परत उचलणारच, सगळेच उचलतात. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमधली एक्झांपल ३.८.६ पासनं शून्य कलमी बीएसडीवर पण आहेत, त्यात नाव द्यायचीही अट नाही. एमडीएनवरचे (वेब प्रोग्रामिंगची माहिती देणारी साइट) कोडचे नमुने २० ऑगस्ट २०१० पासनंचे पब्लिक डोमेनमध्ये. गूगलच्या डेव्हलपर पानांवर मजकूर सीसी बाय आणि कोड अपाचे २.०, पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अपाचेत बदललेल्या फाइलवर "बदल केलाय" असं लिहायला लागतं आणि नोटिस नावाची फाइल असेल तर ती पुढं न्यायला लागते, लोक हे विसरतात. फाइल उचलताना वरच्या ओळी सकट उचलायची आणि कमिटच्या मेसेजमध्ये लिंक टाकायची, मागनं येणाऱ्याला फोन करत बसायला लागत नाही.

---

निपाणी_पंक्या

पावतीचा फॉन्ट कुठला आहे रे? कन्नड आणि देवनागरी दोन्ही म्हणालास म्हणून विचारतो. निर्मला यूआय असेल तर विंडोजमध्ये आहे तो वापर, खरं त्याची फाइल तुमच्या सेटअपमध्ये भरू नको, तो मायक्रोसॉफ्टचा आहे.

---

उद्यमबाग_काटा

निर्मलाच होता आणि सेटअपमध्ये भरलेला पण होता 😅 नोटो सान्सचा कन्नड आणि देवनागरी घातला आता. ओएफएल (फॉन्टसाठीचं मोकळं) लायसन्स आहे, सोबत त्याची फाइल ठेवलीया.

बाकीचं सांगतो. सीआरसी नवीन लिहिला, ४बी३७ आलं. ग्राफ क्यूपेंटरनं काढला, सर म्हणाले आधीपेक्षा बरा दिसतोय. रेपोवाल्याला इश्यू टाकला, तो ब्राझीलचा निघाला, त्यानं एमआयटी घालून वर आभार मानले. लोड सेलची लायब्ररी बघितली, एमआयटीच आहे. कोअरसाठी ऑब्जेक्ट फाइलींचं झिप वेगळं काढून ठेवलंय. करारातली रिव्हर्स इंजिनिअरिंगची ओळ पण सर बदलून घेणार.

आता एकच राहिलं, ही सगळी लायसन्सं दाखवायची कुठं? सरांना स्क्रीनवर नको, म्हणतात कारखान्यावाल्यानं बघितलं तर म्हणेल तुम्ही काय केलंय मग.

---

खानापूरची_अक्का

स्क्रीनवरच पाहिजे असं बीएसडी आणि एमआयटी म्हणत नाहीत. इन्स्टॉलच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल करा, त्यात क्यूटी टर्मिनल एक्झांपलची बीएसडी, रेपोवाल्याची आणि लोड सेलची एमआयटी, फॉन्टची ओएफएल, आणि क्यूटी लायब्ररीसाठी एलजीपीएल ३ आणि जीपीएल ३ चा पूर्ण मजकूर, दोन्ही लागतात, कारण एलजीपीएल ३ हे जीपीएल ३ वरच बेतलेलं आहे. बोर्डाच्या कोअरचं लायसन्स पण त्यातच जोडा, ऑब्जेक्ट फाइली कशा मिळतील तेही लिहा. क्यूटीची वापरलेली आवृत्ती आणि तिचा सोर्स कुठं मिळेल ते लिहा, नुसती त्यांच्या साइटची लिंक टाकून बरेच जण भागवतात, मी तुमच्या जागी असते तर सोर्सचं झिप आपल्या सर्व्हरवर ठेवलं असतं. मॅन्युअलमध्ये एक ओळ टाका की फाइल कुठं आहे. "अबाउट"मध्ये काही दाखवत असाल, म्हणजे तुमच्या कंपनीचा कॉपीराइट वगैरे, तर तिथं क्यूटीचं नाव पण घालावं लागेल, एलजीपीएल तेवढं मागतं. तुमचा कॉपीराइट पण दाखवत नसाल तर तिथं काहीच नको, सरांना कळवा.

शीटच्या बदललेल्या वाक्यात आता बोर्डाचा एलजीपीएल कोअर पण घाला. गिऱ्हाइकाला वाक्य बदलायचा मेल इंग्रजीत पाहिजे असेल तर मसुदा इथं टाका, उद्या संध्याकाळी बघते.